बेटकुळीचं खरं काम

आमच्या घरात घट्ट झाकणांचं खातं माझ्याकडे आहे. बाटली अडली की हाक येते आणि मी बाही दंडावर सरकवत स्वयंपाकघरात प्रवेश करतो. बाही सरकवल्याने झाकण सैल होत नाही, हे मला मान्य आहे. पण बेटकुळी दाखवायला घरात दुसरा प्रसंगच येत नाही.

या बेटकुळीचा, म्हणजे बायसेप्सचा, माज शरीरशास्त्राने उतरवला. कोपर वाकवण्याची मुख्य हमाली बायसेप्सच्या खाली दडलेला ब्रेकिआलिस नावाचा स्नायू करतो. त्याच्यासाठी कोणी आरशासमोर श्वास रोखून उभं राहत नाही. बायसेप्सही त्या कामाला हात लावतो. पण त्याची खासियत वेगळी. कोपर वाकलेलं असताना पालथा तळहात उताणा करायला त्याच्याइतका जोर दुसऱ्या कुणात नाही.

तळहात उताणा-पालथा होताना फिरतं ते अंगठ्याच्या बाजूचं हाड, रेडियस. करंगळीच्या बाजूची अल्ना कोपराशी बिजागरी धरून बसते आणि या फिराफिरीत फारशी पडत नाही. कोपरापाशी रेडियसचं चकतीसारखं डोकं अस्थिबंधाच्या कड्यात जागच्या जागी फिरतं. मनगटापाशी मात्र तीच रेडियस अल्नाला वळसा घालते. हात उताणा असला की दोन्ही हाडं समांतर, पालथा केला की त्यांची फुली. वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे राजी असतील तरच तळहात दीडशे-एकशेसाठ अंशांत फिरतो. एक रुसला की दुसराही अडतो.

आता माझा लाडका मुद्दा. उजव्या हाताने स्क्रू पिळताना हात उताणा होण्याच्या दिशेने फिरतो, म्हणजे बायसेप्स सोबतीला. तोच सैल करताना हात पालथ्या दिशेने जातो आणि बायसेप्स अंग काढून घेतो. बाटली आडवी धरून झाकण पिळलं तरी हाच हिशेब. म्हणून रात्री झाकण लावणारा माणूस सकाळी ते उघडणाऱ्यापेक्षा बलवान असतो, मग दोघं एकच का असेनात! उपाय सोपा आहे: उघडताना डावा हात वापरावा. डाव्याला सगळं उलट लागू होतं, तिथे बायसेप्स उघडण्याच्या बाजूने. हे सगळं मी जॅमची नवी बाटली हातात धरून बायकोला सविस्तर समजावत होतो. बाटली घेऊन तिने झाकणाच्या कडेला चमच्याचं टोक घातलं, टक् असा आवाज झाला आणि मुलांच्या पोळ्यांना जॅम लागलासुद्धा.

हात उताणा होण्याची खरी किंमत मात्र आईमुळे कळली. ती न्हाणीत घसरली तेव्हा तिने उजवा हात टेकला. रेडियस मनगटापाशी मोडली. या मोडण्याचं वर्णन डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी 1814 साली केलं, एक्स-रेचा शोध लागण्याच्या 81 वर्षं आधी, नुसत्या हाताने चाचपून. प्लास्टर निघालं तेव्हा आईचा हात पालथा होत होता, उताणा होत नव्हता. पालथं होणं कमी पडलं तर कोपर बाहेर काढून खांदा वेळ मारून नेतो. उताणं होण्याची उसनवारी त्याला तितकीशी जमत नाही. त्यामुळे आई पोळ्या लाटायची, वाढायची, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवायची. पण सुटे पैसे हातातून घरंगळायचे. देवळात तीर्थ घ्यायला तिने हात पुढे केला आणि ते तिरक्या तळव्यावरून ओघळून गेलं. डावा हात पुढे करणं तिच्या रक्तात नव्हतं. “जेवता येतंय ना, या वयात आणखी काय हवं?” असं एक नातेवाईक म्हणाले, तेव्हा माझा आवाज चढला. ओंजळ हवी होती तिला, ओंजळ! ज्यांची शाबूत आहे, त्यांनी हिशेब मांडू नयेत.

फिजिओथेरपीवालीने हातोडी दांड्याच्या टोकाशी धरून दोन्ही बाजूंना हळूहळू कलती करायला सांगितलं. आई मालिका बघता बघता ते करते आणि कोपर हळूच बाहेर काढून लबाडी करते.

“आई, कोपर अंगाला चिकटव.”

“चिकटवते. तू आधी त्या कडीचा स्क्रू पिळ. दिवाळीपासून सांगतेय.”