मोत्याची नळ

चोरी सापडली ती छपाईच्या चुकीमुळे. दहा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी आजीवर लेख लिहिला होता. त्यात तिच्या नथीचा 'नळ' झाला, लिंग मात्र नथीचंच राहिलं : 'आजीने मोत्याची नळ काढून ठेवली.' नातेवाइकांनी वर्षभर पिडलं. यंदा सोसायटीच्या स्मरणिकेत बी-विंगमधल्या काकांचा 'माझी आजी' वाचायला घेतला, तर तिसऱ्याच परिच्छेदात त्यांच्याही आजीने मोत्याची नळ काढून ठेवलेली!

लोक भांडायला जाताना बाह्या सरसावतात, मी न्यायसूत्रं चाळली. गौतमाने वादात शब्द फिरवण्याचे ३ छल, फसव्या उत्तरांच्या २४ जाती आणि हरण्याची २२ निग्रहस्थानं मोजून ठेवली आहेत. म्हटलं, काका निसटून निसटून कुठे निसटणार?

दोन्ही अंक त्यांच्यापुढे टाकले. काका चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "नळच होता हो. आजीला बारमाही सर्दी."

वाक्छल! शास्त्रातलं उदाहरण असं : एकजण म्हणतो, हा नवकंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला. दुसरा विचारतो, नव म्हणजे नऊ ना? मग बाकीच्या आठ कुठायत? काकांना हे उपजतच येत होतं.

"आणि ज्ञानेश्वरांनी गीता घेतलीच ना?"

"अहो, त्यांनी सांगून घेतली!" काकांची ही चाल म्हणजे साधर्म्यसमा जाती. जरा साम्य दिसलं की बसवलं स्वतःला माउलींच्या पंगतीला.

शास्त्र पुरेना म्हणून कायद्यावर आलो. "१९५७चा कॉपीराइट कायदा आहे, काका. लेखक गेल्यावरही ६० वर्षं हक्क राहतो."

"मग तुम्हाला एवढी घाई कसली?"

काकूंनी चहा आणि चिवडा आणून ठेवला. (चिवडा उत्तम होता. त्यामुळे माझा आवाज एक पट्टी खाली आला, हे कबूल.) तेवढ्यात काकांनी विचारलं, "नथीचा किस्सा तुम्हाला कोणी सांगितला?"

"आईने."

"मग लेखावर तुमचं नाव कसं? आईचं कुठाय?"

क्षणभर घास अडकला. मग एकदम उजळलो. 'तूही चोर' म्हणणारा आपली चोरी मान्य करतो, हे तर थेट निग्रहस्थान! मी ओरडलोच, "मतानुज्ञा!"

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"अनुज्ञा म्हणजे डी-विंगमधली का गं? तिचं मत कशाला घेतायत हे मधेच?"