व्याज बिल्डरचं, सही तुमची

'आत्ता फक्त २० टक्के भरा, पझेशनपर्यंत हप्ता नाही!' पानभर जाहिरात, मध्ये निळाशार स्विमिंग पूल (टँकर कोण मागवणार ते छापलेलं नसतं) आणि तळाला मुंगीच्या अक्षरात महारेराचा नंबर. बिल्डर इतका उदार कधी झाला, असा प्रश्न मराठी माणसाला पडतो. पण तो विचारत नाही. सॅम्पल फ्लॅटमधल्या मुद्दाम आखूड करून घेतलेल्या पलंगावर बसून तो बुकिंगचा चेक फाडतो.

या औदार्याची रीत समजून घ्या. कर्ज निघतं तुमच्या नावावर. रक्कम तुमच्या खात्याकडे फिरकतही नाही, बँक ती थेट बिल्डरला देते. त्याच पैशांतून बिल्डर तुमच्या कर्जाचं व्याज भरतो आणि वर उपकारही करतो. आईजीच्या जिवावर बायजी उदार. एवढंच की, आता बायजीच्या ब्रोशरवर याला 'सबव्हेन्शन' म्हणतात. व्याजाचा खर्च घराच्या दरात आधीच मुरवलेला असतो, हे सांगणं सेल्समनच्या कामात बसत नाही. चहा मात्र तो चांगला पाजतो.

बँकेलाही हे सोयीचं. बिल्डरला प्रोजेक्टसाठी कर्ज द्यायचं म्हणजे जोखीम मोठी. तेच पैसे गृहकर्ज म्हणून दिले की वसुलीला वीस वर्षं पगार मिळवणारा, अब्रूला भिणारा, हप्ता चुकला तर घास न उतरणारा गृहस्थ हाताशी. काम पाचव्या मजल्यावर अडकलं आणि बिल्डरने व्याज भरणं थांबवलं, की फोन कोणाला? ज्याची सही त्याला. सिबिल घसरतो तोही त्याचाच. घराचा पत्ता नसतो, पण कर्जावर त्याची मालकी अगदी निर्वेध असते. सातबाऱ्यावरही इतकी स्वच्छ नोंद सापडायची नाही.

रिझर्व्ह बँकेला याचा वास २०१३ साली आला. काम चढेल तसे पैसे द्या, असं तिने बँकांना बजावलं. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना नॅशनल हाउसिंग बँकेने आवरायला सांगितलं, तोवर २०१९ उजाडलं. आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आसपासच्या बिल्डर-बँक साट्यालोट्याच्या मागे सीबीआयला लावलं. इतक्या वर्षांत काही इमारती बांधूनही झाल्या असत्या.

बरं, समजा झालं घर. सत्यनारायणही झाला. मालक झालात? मूळ करारनामा बँकेच्या तिजोरीत. आणि इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, ती? त्यासाठी फ्लॅटमालकांचा मोफा कायदा आहे, १९६३ चा. त्याच्या नियमांप्रमाणे वेगळी मुदत ठरली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन तिच्या नावावर करून द्यायची, म्हणजेच कन्व्हेयन्स. बिल्डरला चार महिने मान्यच असतात, कोणते ते तेवढं तो सांगत नाही. दरम्यान त्याच जमिनीवर बांधायला मिळणारा एफएसआय वाढतो, विकासहक्कांचं म्हणजे टीडीआरचं गाजर दिसू लागतं, आणि सहीसाठी गेलं की साहेब नेमके साइटवर असतात. शेवटी सरकारनेच हात टेकले आणि २००८ च्या दुरुस्तीने डीम्ड कन्व्हेयन्स आणला: बिल्डर सही करत नाही ना, मग केली असं समजा. नवरदेव मांडवात आलाच नाही तरी अक्षता टाकायची ही सोय. अक्षता टाकायला जिल्हा उपनिबंधक.

मात्र अर्ज करायचा तर सेक्रेटरींनी मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड आणि एकेका सभासदाचा इंडेक्स टू जमवायचा. दोघांचे कागद बँकेत, तिघांचे भावाभावांच्या वादात, आणि तळमजल्याचे काका म्हणतात, इतकी वर्षं काही अडलं का?

अडतं ते रिडेव्हलपमेंटला. नवा बिल्डर येतो, पेढे ठेवतो आणि पहिला प्रश्न विचारतो: कन्व्हेयन्स झालाय ना? कमिटी एकमेकांकडे बघते. बिल्डर समजुतीने मान हलवतो, पेन काढतो आणि सोसायटीला द्यायच्या कॉर्पसचा आकडा खोडून नवा लिहितो.