महासेल महोदयांस, एका बिघडलेल्या गिऱ्हाइकाबद्दल

प्रति,
मा. महासेल महोदय,
मुक्काम पोस्ट प्रत्येकाचा मोबाइल.

सा. न. वि. वि.

आपला सध्या सुकाळ आहे. दसरा-दिवाळीला आपण पूर्वीपासून येताच. हल्ली प्रजासत्ताक दिनाला येता, स्वातंत्र्यदिनाला येता, पावसाळा सरला की येता आणि कधी कधी तर नुसता शुक्रवार आहे म्हणूनही येता. एवढ्या कर्तबगार असामीची डाळ डोंबिवलीतल्या एका जुन्या तीनमजली इमारतीत शिजत नाही, हे कळवताना पत्रलेखकाला यातना होत आहेत. पण कळवणे भाग आहे. पहिल्या मजल्यावर एक काकू राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, गणिताच्या. नाव देत नाही. दिले तर आपण त्यांना दिवसाला वीस संदेश पाठवाल आणि त्या ते सगळे वाचून लाल शाईने तपासतील.

काकूंचा पहिला दोष असा की त्या पुड्याची मागची बाजू वाचतात. समोर ठळक अक्षरांत ‘वीस टक्के जास्त’ छापायला कोणा कलावंताने रात्र जागवलेली असते, पण काकू पुडा उलटा करतात. पाकीटबंद मालावर आता दर ग्रॅमला किंवा दर मिलीलीटरला किती रुपये पडतात ते छापावे लागते, हे त्यांना ठाऊक आहे. मोठा पुडा म्हणजे स्वस्त पुडा, ही आपली शिकवण त्या दर वेळी भागाकार करून पडताळतात. शाम्पूच्या बाबतीत तर अनेकदा एक-दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, हा शोध त्यांनी केव्हाच लावलाय. तरी त्या पुडी घेत नाहीत. ती फाडून झाल्यावर उरणारे चकचकीत कव्हर भंगारवाला फुकटसुद्धा नेत नाही, म्हणे. आता अशा माणसाचे काय करायचे?

गेल्या वर्षी त्यांचा फ्रिज कायमचा बंद पडला. म्हणजे खरेदीवाचून गत्यंतर नव्हते. आपल्या एका दुकानातला चुणचुणीत मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, ‘काकू, बिनव्याजी हप्ता आहे, एक रुपया जास्त द्यायचा नाही.’ काकूंनी विचारले, ‘आणि सगळे पैसे आज दिले तर किती कमी करशील?’ मुलगा साहेबांना विचारायला आत गेला. बाहेर आला तेव्हा किंमत उतरली होती. बिनव्याजी हप्त्यात बँक व्याज सोडत नसते. दुकानदार किंवा कंपनी जी सूट देते ती त्या व्याजापोटी बँकेकडे वळती होते, एवढेच. शिवाय क्रेडिट कार्डावर हप्ता बांधला तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. त्यानंतर आपण नाव तेवढे बदलून घेतलेत, ही आपली हुशारी. काकूंनी मात्र फ्रिजपुरते पैसे टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत महिन्याच्या महिन्याला आधीच टाकून ठेवले होते. जुना फ्रिज आवाज करू लागला त्याच महिन्यापासून. ह्याला सूड म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

मोबाइलवर तरी त्या सापडतील, असे आपल्याला वाटले असेल. तिथेही निराशाच. ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ असे लाल अक्षरांत आले की काकू चहा टाकायला उठतात. परत येतात तोवर दोन नग तिथेच असतात, दुसऱ्या दिवशीही असतात. टोपलीत आपोआप येऊन बसलेला विमा त्या बाहेर काढतात. ‘नको, मला बचत करायची नाही’ असे लिहिलेले बटण दाबायला सामान्य माणसाला लाज वाटते. वाटावी म्हणूनच ते तसे लिहिलेले असते. काकूंना वाटत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा क्लृप्त्यांचे १३ प्रकार नियमांत नोंदवले आणि त्यांना मनाई केली. खोटी घाई, टोपलीत चोरून माल सारणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे, आधी कमी किंमत दाखवून शेवटी शुल्के जोडत जाणे असे सगळे त्यात आहे. पत्रलेखकाने ती यादी काकूंना वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अरे, हे तर आमच्या बोहारणीला तोंडपाठ होते. फक्त ती समोर बसून करायची.’

बोहारणीचा विषय निघालाच आहे तर काकूंच्या घरातल्या एका लुगड्याची हकिगत ऐका. आपण एका सदऱ्याला सहा महिने आयुष्य देता, म्हणून ती मुद्दाम सांगायची. लुगडे काकूंच्या आईचे, सुती, नऊवारी. आधी ते सणावारी नेसले गेले, मग रोजच्या वापरात आले. मधोमध विरले तेव्हा विरलेला भाग कापून टाकला आणि दोन चांगले तुकडे एकमेकांना जोडून दंड घातला. दंडाचे लुगडे नेसणे ही त्या काळी लपवायची गोष्ट नव्हती, अर्ध्या आळीच्या निऱ्यांत तो दंड दडलेला असे. तेही विटले तेव्हा ते गोधडीला लागले. वरचा आणि खालचा पदर लुगड्याचा, आत फाटक्या धोतरांचे आणि परकरांचे तुकडे, आणि कडेपासून आत आत जात मध्यावर मिटणारा धावदोरा. त्या गोधडीत काकूंची दोन भावंडे वाढली. गोधडीही जीर्ण झाली तेव्हा तिच्यातून पायपुसणी निघाली, फडकी निघाली, आणि एका उरलेल्या पट्टीचा पिळून केलेला काकडा कार्तिकात विठोबाच्या देवळात जळला. म्हणजे वस्त्राचा शेवटचा धागा देवापुढे गेला, कचऱ्यात काही पडले नाही. आता तीच गोधडी आपण प्रदर्शनात काही हजारांना विकता, वर ती पर्यावरणस्नेही असल्याची चिठ्ठी लावता. त्याबद्दल काकूंची तक्रार नाही. त्यांना फक्त टाके विरळ वाटतात.

स्वयंपाकघरात तर आपल्याला शिरकावच नाही. दोडक्याची भाजी झाली की त्याच्या शिरा बारीक चिरून तेलावर कुरकुरीत होतात, त्यात तीळ, सुके खोबरे, लसूण, तिखट पडते आणि भाजीपेक्षा चटणी आधी संपते. फणसाच्या आठळ्या आमटीत जातात, कोथिंबिरीचे देठ वाटणात. लोणी कढवून तूप गाळले की बेरी साखरेबरोबर पोरांच्या हातावर, आणि त्या तुपकट पातेल्यात लगेच शिळा भात परतायचा. साबणाआधी भात, हा नियम. डाळ-तांदूळ तासभर भिजलेले असतात, एकाच कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे असे डबे चढतात, आणि शिटीचा दाब आला की गॅस बारीक. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना १९७८ साली स्थापन झाली आणि पुढे हेच सगळे जाहिराती करून देशाला शिकवू लागली. काकूंना ते सासूने जाहिरातीवाचून शिकवले होते.

इथे एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने सांगायला हवी. ह्या काटकसरीचे पोवाडे गाणाऱ्यांनी ताटाकडे नीट पाहिलेले नसते. शिळी पोळी कुस्करून फोडणी दिली की ती चविष्ट होते हे खरे, पण ती कोणाच्या ताटात पडायची? गरम पोळी पुरुषांना आणि मुलांना, शिळी घरातल्या बाईला. पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या पोटातून बचत झाली आणि घराने तिला गृहिणीचे कौशल्य म्हटले. काकूंनी लग्नानंतर काही वर्षांनी हे बंद केले. शिळे उरले तर सगळ्यांनी वाटून खायचे, नाहीतर कमी करायचे. त्या दिवसापासून कणीक मोजून भिजू लागली.

आता आपण अर्थशास्त्र काढाल. काकूंसारखी माणसे पैसा दाबून ठेवतात, म्हणून कारखाने थांबतात, असे म्हणाल. मोठा आधार आहे त्याला. जॉन मेनार्ड केन्स यांनी जानेवारी १९३१ मध्ये बीबीसीवरून ब्रिटिश गृहिणींना सांगितले होते की पाच शिलिंग वाचवाल तेव्हा एका माणसाचा एका दिवसाचा रोजगार बुडवाल. पुढे १९३६ च्या ग्रंथात त्यांनी तो विचार सविस्तर मांडला. पत्रलेखकाने हा तोफगोळा मोठ्या अपेक्षेने काकूंवर टाकला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. तेव्हा तिकडे मंदी होती ना? आणि ती बाई पाच शिलिंग कर्ज काढून खर्च करत होती का? दोन्ही प्रश्न गैरसोयीचे आहेत. मंदीत घरोघरी बेकार बसलेल्या देशासाठी सांगितलेले औषध आपण प्रत्येक लाँग वीकेंडला पाजता. आणि इकडे रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर घसरली, कित्येक दशकांतला हा नीचांक. बँकेच्या ठेवीत ठेवलेला पैसा काही गादीखाली कुजत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या कारखान्यालाच जातो. कार्डावरच्या थकबाकीला मात्र वर्षाला छत्तीस ते पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत व्याज पडते. त्यातून नक्की कोणाचा रोजगार वाढतो, ते आपण कळवावे.

महाराष्ट्राला आपल्याविरुद्ध फार जुना पूर्वग्रह आहे, हेही जाता जाता सांगतो. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला एक माणूस अंगावर चिंध्यांचा पोशाख, हातात झाडू आणि खायला फुटके गाडगे घेऊन गावोगाव हिंडला. दिवसा गाव झाडायचा, रात्री कीर्तन करायचा, आणि कीर्तनात समोरच्याला विचारत सुटायचा की लग्नाला कर्ज काढलेस का, तेराव्याला काढलेस का, सावकाराचे देणे किती राहिले. भांडी विका, अंगावर हलके लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घाला, असा त्याचा खर्चाचा हिशेब होता. त्याच गाडगेबाबांनी लोकांच्या वर्गणीतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या केल्या. म्हणजे माणूस खर्चिक होता, आणि तेही भरपूर! सरकारने पुढे त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले. झाडू उचलला, कर्जाबद्दलचे बोलणे कीर्तनातच राहिले. आपल्याला सोयीचेच झाले म्हणायचे.

काकू चुकत नाहीत असे नाही. पुऱ्या तळून उरलेले तेल त्या गाळून ठेवायच्या आणि पुन्हा पुन्हा वापरायच्या. तळणीच्या तेलातले घातक ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचे नाही, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे, पण घरात मोजणार कोण? मुलीने डोळे वटारल्यावर आता त्या कढईत तेलच कमी घेतात. हॉलमधला जुना पंखाही त्यांनी नको इतकी वर्षे सांभाळला. तो ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी ३० वॉटच्या आसपासचा. रोज बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर फरक १६२ युनिटांचा. युनिटला दहा रुपये धरा, वर्षाला सोळाशे रुपये छताला टांगलेले होते. गणिताच्या बाईंनी हा हिशेब स्वतःच वहीत मांडला, चष्मा पुसला आणि पंखा बदलला. बेडरूममधला मात्र ठेवला, कारण तो रात्रीपुरताच लागतो. तो हळू फिरू लागला तेव्हा आपला माणूस म्हणाला, ‘आजी, नवाच घ्या.’ काकूंनी नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने वरची वाटी सरकवली, बोटाएवढा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलला आणि पंख्याने भिंतीवरचे कॅलेंडर उडवले.

आपल्याला खरी अडचण होते ती इथे, असा पत्रलेखकाचा संशय आहे. १९२४ साली जिनीव्हात जगातल्या बड्या दिवा-कंपन्यांनी मिळून एक मंडळ स्थापले. बल्ब तेव्हा दीड-दोन हजार तास चालत. तो हजार तासांतच जावा असे मंडळाने ठरवले आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कंपनीला दंड लावला. टिकाऊपणाचा दंड! आपले कुलदैवत तेच दिसते. आता आपल्या वस्तूंना स्क्रूऐवजी डिंक लावतात, सुटा भाग मिळत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूला टेकेल इतका फुगवलेला असतो. ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने अशा चार क्षेत्रांसाठी. म्हणजे काकूंचे खूळ दिल्लीपर्यंत पोचलेले आहे.

तेव्हा महोदय, त्यांना सुधारण्याचा नाद सोडा आणि एकदा त्यांची ऑर्डर घ्या. काकूंना खरेदी करायची आहे. कित्येक महिने त्या पैसे घेऊन फिरताहेत. मिक्सरचा कपलर हवा, त्याच मॉडेलचा. प्रवासी बॅगेच्या चेनचा रनर हवा, अख्खी बॅग नको. छत्रीच्या दोन काड्या, तव्याचा दांडा, आणि प्रेशर कुकरची रबरी रिंग. पैसे रोख मिळतील, सुटे आहेत. पावती मात्र हवी.

कळावे,
आपला नम्र
पत्रलेखक

ता. क. : कुकर पाच लिटरचा, बाहेरच्या झाकणाचा आहे. आतल्या झाकणाची रिंग पाठवू नये. मागच्या खेपेला तीच आली होती.