काकूंची तब्येत

आमच्या पेठेतल्या हॉस्टेलात सध्या एका काकूंचा फार बोलबाला आहे. वय ५८, रात्री झोप नाही, छातीत धडधड. त्यांना प्रत्यक्ष कोणी पाहिलेलं नाही. पाहिली आहे ती त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. तीही झेरॉक्सची झेरॉक्स.

चिठ्ठीवर अल्प्राझोलाम आहे, रात्री एक, दहा दिवस. या दहा दिवसांना आता चौथं सेमिस्टर लागलंय. बर्म्युडातला पोरगा येतो, कागद काउंटरवर सरकवतो, मेडिकलवाला कात्रीने स्ट्रिप कापून देतो. समोरची दाढी आणि कागदावरच्या काकू यांत त्याला काही विसंगती दिसत नाही.

१९४५ च्या औषध नियमांनुसार डॉक्टरांनी 'पुन्हा द्या' असं लिहिलेलं नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं आणि चिठ्ठीवरच दुकानाचं नाव, तारीख टाकायची. शिवाय २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-१ आहे. त्यात सवय लावणाऱ्या गोळ्यांसाठी वेगळं रजिस्टर सांगितलंय: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. ते तीन वर्षं जपायचं.

हे रजिस्टर कोणी खरोखर भरलं असतं, तर काकूंचं चरित्रच लिहून झालं असतं. काकूंची झोप इंटर्नलच्या आठवड्यात उडते, सबमिशनला तर पार जाते, आणि मे महिन्यात पोरं गावी गेली की काकू ठणठणीत. शनिवारी संध्याकाळी मात्र त्यांना हटकून खोकला येतो, आणि तो कोडीनवाल्या सिरपशिवाय थांबत नाही. परीक्षेआधी त्या मोडाफिनिल घेतात. ते बसल्या जागी झोप कोसळते त्या आजाराचं औषध. म्हणजे रात्री दहाला काकूंना झोप आवरत नाही आणि पहाटे चारला झोप येत नाही, सबब दोन्हीवर गोळी. गॅदरिंग जवळ आलं की काकू जिमला जातात. तिथे त्यांना मेफेंटरमिनचं इंजेक्शन लागतं. ऑपरेशन चालू असताना पेशंटचं बीपी कोसळलं तर भूलतज्ज्ञ वापरतात ते. काकूंचं बीपी बेंचप्रेस करताना कोसळत असावं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी 'कॉलेज श्री'ला उभं राहायचं म्हणजे एवढं होणारच. परवाच्या झेरॉक्सवर तर वयातला ५ उडालाय. काकू आता आठ वर्षांच्या आहेत. गोळ्या मिळाल्या.

मेडिकलवाल्याच्या डोक्यावर, भिंतीवर, फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये टांगलेलं असतं. फोटोतल्या त्या माणसाला मी त्या दुकानात कधीही पाहिलेलं नाही. सर्टिफिकेट भाड्याने, माणूस तिसऱ्याच गावी, आणि गोळी देणारा हात बारावी नापास भाच्याचा. याला धंदा म्हणायचं? अल्प्राझोलामची सवय लागली आणि ती एकदम तोडली तर फिट येऊ शकते. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो, थांबतोही. हे सांगायला ज्याला चार वर्षं शिकवलं, तो महिन्याला पाकीट घेऊन घरी बसतो, आणि तपासणीला येणारे साहेब फ्रेमची काच पुसलेली आहे एवढं बघून चहा पितात!

आई-वडिलांचं तर विचारूच नका. पोराला कॅज्युअल्टीत आणतात, डॉक्टर विचारतात काय घेतलं होतं, की बाप भडकतो: "आमच्या घरात सुपारी चालत नाही, डॉक्टर. गोळी मेडिकलमधली आहे." जीएसटीची पावती असली की व्यसन होत नाही, अशी आपल्या मध्यमवर्गाची पक्की श्रद्धा आहे.

कॉलेजने मात्र कर्तव्यात कसूर केलेली नाही. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन यथासांग झाला. रांगोळी स्पर्धेत कवट्या निघाल्या, सिगारेटी निघाल्या, एक अजगरही निघाला. गोळ्यांची स्ट्रिप कोणीच काढली नाही. चंदेरी रांगोळी संपली असेल. मग प्राचार्यांनी व्यसनमुक्तीची शपथ दिली. मागच्या रांगेतली चार पोरं उभ्याउभ्या झोपली होती. प्राचार्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही, त्यांच्या भाषणाला नेहमीच झोपतात.