दोन दिवसांचे केळवण : नियम व अपवाद

एप्रिलमध्ये भाचीचा पुण्याहून फोन आला. "आत्या, माझं ब्राइडल शॉवर करायचंय. शनिवार-रविवार. मैत्रिणी येणार आहेत." ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, त्या गावात शॉवर कसा करणार, याचा प्रस्तुत लेखिकेने क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "केळवण म्हण." एवढ्यावर विषय मिटायला हवा होता. पण चौतीस वर्षं शाळेची स्नेहसंमेलनं हाकलेल्या बाईच्या हाती कोरी वही आली की काय होतं, ते आमच्या घरच्यांना विचारा. ती वही इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावी म्हणून हे मार्गदर्शन.

नियम पहिला : केळवण एक, पण ठिकाणं दोन. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेव्हापासून आमच्याकडे कुठलंच कार्य एका गावात उरकत नाही. मुलीचे बाबा जळगावचे, मामा धुळ्याचा. म्हणून शनिवार जळगावला, रविवार धुळ्याला. मध्ये एरंडोल, पारोळा आणि नव्वदेक किलोमीटर. वाटेत उलटी कुणाला होते, याची नोंद वहीत आधीच करून ठेवावी.

नियम दुसरा : सजावट आणि कूलर यांपैकी एकच निवडावं. या नियमाचं महत्त्व पुण्याच्या लोकांना कळत नाही. भाचीनं 'पेस्टल थीम' ठरवली होती. म्हणजे सगळ्यांनी पिस्ता रंगाचे कपडे घालायचे, भिंतीला चंदेरी झिरमिळ्यांचा पडदा, त्याच्यापुढे फुगे आणि इंग्रजी सोनेरी अक्षरांत 'ब्राइड टु बी'. मे महिन्यातलं जळगाव म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश. कूलर लावला की पडदा थेट समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. कूलर बंद केला की माणसं उठून जातात. फुगे सकाळी गच्चीत फुगवून ठेवले होते. साडेदहाला पहिला फुटला, अकरापर्यंत शेजारच्यांना वाटलं वरात आली. अक्षरांपैकी अगदी पहिलं गळून पडलं आणि भिंतीवर 'राइड टु बी' उरलं. दादा चष्मा लावून बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, "गाडी सांगायची का? कुठं जायचंय?"

शेवटी मी झेंडूची तोरणं लावली. तीही दुपारी माना टाकतात, पण निदान फुटत नाहीत.

नियम तिसरा, केळीची पानं. केळवण हा शब्द केळीवरून आला असं दादाचं मत आहे. केळवणं म्हणजे जोपासणं, त्यावरून आला असं माझं. तीस वर्षांत दोघांपैकी कुणीही कोश उघडलेला नाही. ते काही असो, केळीच्या जिल्ह्यात राहून केळवण कागदी ताटलीत वाढणं मला मान्य नाही. आता खरी माहिती सांगते, ती मात्र लिहून घ्या. पान मागायला घड पोसणाऱ्या बागेत जाऊ नये. पानं गेली की केळं भरत नाही, म्हणून शेतकरी ती सहजी कापू देत नाही आणि ते बरोबरच आहे. घड उतरलेली बाग शोधावी. मे महिन्यात वाऱ्यानं पानांच्या झिरमिळ्या झालेल्या असतात (डेकोरेशनवाला ज्यांचे पैसे घेतो, त्या इथे फुकट मिळतात), तेव्हा आतली कोवळी, अखंड पानं निवडावीत. घरी आणल्यावर गॅसवरून एकदा अलगद फिरवावीत. पान मऊ पडतं, चिरत नाही. निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. एका मैत्रिणीनं पान उभं धरून फोटो काढला. त्याबद्दल नियम केलेला नाही.

जेवण : वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी. बट्टीसाठी गव्हाचं पीठ जाडसर दळून आणावं. गोळे आधी उकडायचे, मग कापून तळायचे, आणि वर तूप. तूप मोजू नये. भाचीला भरीत हवं होतं. नाही म्हणून सांगितलं. भरीत थंडीतलं. हिरवट पांढरी मोठी वांगी, कपाशीच्या काट्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय मे महिन्यात मिक्सरमध्ये फिरवायला? ती रुसली. पाच वर्षांची असताना रुसायची तशीच, खालचा ओठ पुढे काढून. मी डिसेंबरात पार्सल पाठवायचं कबूल केलं. वहीत नोंद आहे.

खेळ. 'नवऱ्याला किती ओळखता' अशी एक प्रश्नमंजूषा मैत्रिणींनी आणली होती. ती मीच जिंकले. मुलगा बघायला आला तेव्हा चौकशी मीच केली होती. रक्तगट, प्लॉट, प्लॉटवरचं कर्ज, दाढेचं ऑपरेशन, सगळं. नवरीला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आली नाहीत. उखाणा मात्र तिनं न अडखळता घेतला, त्यामुळे मार्क दिले.

आता मुख्य प्रकरण, भेटवस्तूंच्या पिशव्या. भाचीचा आग्रह होता की प्रत्येकीच्या पिशवीतल्या वस्तूवर तिचं स्वतःचं नाव हवं. याला ती पर्सनलाइज्ड म्हणते आणि हे पुण्यात निघालं असं तिला वाटतं. आमच्या स्वयंपाकघरात नाव नसलेली एक वाटी दाखवावी! भांड्याच्या दुकानात तो माणूस हातात मशीन घेऊन बसतो, टर्रर्र आवाज करतो आणि स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी अख्खं घराणं उतरवतो. चि. सौ. कां., गाव, तारीख, 'हिजकडून सप्रेम'. सूचना : मजकूर कागदावर सुवाच्य लिहून द्यावा आणि तो कोरत असताना जवळ उभं राहावं. माझ्या लग्नातल्या तांब्यावर मी आजही 'सप्रेन' आहे.

भाचीच्या यादीत होत्या सुगंधी मेणबत्त्या आणि चॉकलेटं. दोन्ही पुण्याहून गाडीच्या डिकीत आली. जळगावला डिकी उघडली तेव्हा चॉकलेटला गुलाबाचा वास येत होता. त्या रात्री फुले मार्केट गाठलं. स्टीलच्या डब्या, त्यांवर मुलींची नावं, आत केळीचे वेफर्स. बारा पिशव्या. हिशेब वहीत आहे, दाखवणार नाही.

एवढं सगळं नियमानं झालं आणि रविवारी आम्ही धुळ्याला गेलो.

धुळ्याच्या मामीबद्दल मी काही बोलणार नाही. जुनं धुळं आखीव आहे, गल्ल्यांना नंबर आहेत, पण मामीच्या कारभारात सरळ रेघ नाही. यादी नाही, वही नाही, थीम नाही. किती माणसं येणार हे तिनं फोनवर विचारलंसुद्धा नव्हतं. आम्ही दारात उतरलो, सगळ्या पिस्ता रंगात. तिनं एकदा आमच्याकडे, एकदा भाचीच्या खांद्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. "हाई काय शे ताई? समद्या कैऱ्या एकच झाडना?"

मागच्या अंगणात चुलीवर खापर पालथं घातलेलं होतं. मामी पदर खोचून बसली, पुरण भरलेला उंडा घेतला आणि तो दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, पार कोपरापर्यंत पसरत नेला आणि खापरावर टाकला. खापराची पोळी लाटत नाहीत, हातावर वाढवतात. ती करणाऱ्या बायका आता कमी होत चालल्यात. बाहेरून बाई बोलावणार असाल तर आधी तिची तारीख घ्या, मग हॉलची. एका मैत्रिणीनं करून पाहिली. पोळी तिच्या कोपराला बांगडीसारखी अडकली. मामी हसत हसत म्हणाली, "राहू दे, जेवाले बठा." आमरस होता. मोजदाद न करता सतरा माणसांना पुरला आणि उरला, हे मला अजून समजलेलं नाही. जेवल्यावर मुली कडुनिंबाच्या झोक्यावर गेल्या. आखाजीला बांधलेला, तसाच ठेवला होता, नवरी येणार म्हणून. नवरी झोक्यावरून उतरेना. तिला कुणी उतरवलंही नाही.

निघताना मामीनं पिशव्या दिल्या. कापड दुकानाच्या, जाहिरातीसकट. मुलींना ज्वारीचे बिबडे. मला एक जड पिशवी. आत स्टीलचा डबा, त्यात कुरडया काठोकाठ. डब्याच्या बुडाशी माझं नाव, आणि १२-५-१९९८. हा डबा मी चकल्या घालून धुळ्याला पाठवला होता. तो परत आला नाही, हे मी दर दिवाळीला वहिनीला ऐकवत आले आहे. जुन्या वहीत 'येणे' या सदराखाली आहे तो, मधल्या कपासह. "रिकामा कसा धाडू ताई," मामी म्हणाली. "मग राहीच गया."

पारोळा जाईपर्यंत मी काही बोलले नाही. भाची मागे कुणाच्या तरी खांद्यावर झोपली होती, पट्टा अजून अंगावर. घरी आल्यावर वही काढली, 'येणे' खोडलं. मग कुरडया बरणीत भरून डबा घासायला घेतला, तेव्हा झाकण नीट पाहिलं. झाकणावर चोपड्याच्या कुणा काकूंचं नाव आहे.