अरुंधती घरोघरी, अनिरुद्ध शेजारी

रोजच्या कौटुंबिक मालिकेतल्या नायिकेच्या जागी स्वतःला आणि उरलेल्या पात्रांच्या जागी नातेवाइकांना बसवण्याचा व्यवहार महाराष्ट्रात साधारणपणे संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा या वेळात चालतो. त्याला परवाना लागत नाही, वयाची अट नाही आणि ज्यांना खलपात्रांच्या जागी बसवायचे त्यांची संमती घेण्याची पद्धत नाही. ‘अगदी आपल्याच घरातलं दाखवलंय!’ हे वाक्य त्याचे मुख्य लक्षण होय. दुसरे लक्षण म्हणजे ते वाक्य बोलताना पडद्याऐवजी स्वयंपाकघराकडे पाहणे. आवाज साधारण एवढा असतो की तो शेगडीपर्यंत पोहोचावा आणि तरीही ‘मी काही तुला म्हटलं नाही’ असे नंतर सांगता यावे.

हा व्यवहार दूरचित्रवाणीपेक्षा जुना आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. यमू तीत आपली हकिकत स्वतःच सांगते. सासर, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन हा तिचा प्रवास त्या काळच्या वाचत्या स्त्रीला समजावून सांगण्याची गरज नव्हती. घरोघरी यमू होत्याच. कादंबरीतले खलपात्र शंकरमामंजी मात्र हातात अंक धरून ‘हा तर मीच’ म्हणाल्याची नोंद नाही. साप्ताहिकाची वर्गणी बऱ्याच घरांत त्यांच्याच खिशातून जात असावी, असे मानायला जागा आहे.

दूरचित्रवाणीवर या व्यवहाराची ताकद प्रथम लक्षात आली ती पेरूमध्ये. १९६९ साली तिथे ‘सिम्प्लेमेंते मारिया’ ही मालिका सुरू झाली. खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण मारिया अक्षर शिकते, शिवण शिकते आणि वर येते. प्रेक्षक बायकांमध्ये शिवणयंत्रांची मागणी वाढली. मारियाच्या लग्नाचे चित्रीकरण लिमातल्या चर्चमध्ये झाले, तेव्हा हजारो लोक नटूनथटून, भेटवस्तू घेऊन वधूवरांना आशीर्वाद द्यायला लोटले. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी यातून एक पद्धतच बसवली. मालिकेत एक पात्र अनुकरणीय, एक टाकाऊ आणि एक वाटेत सुधारणारे ठेवायचे. प्रेक्षक तिसऱ्याचा हात धरून पहिल्याकडे जातो, असा हिशेब होता.

तो हिशेब ७ जुलै १९८४ रोजी भारतात आला. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ दूरदर्शनवर सुरू झाली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन काय शिकायचे ते सांगू लागले. तरीही हिशेब चुकला. नवऱ्याची दारू, सासूची बोलणी आणि घराची ओढाताण मुकाट सोसणारी भागवंती ‘असे होऊ नका’ हे सांगण्यासाठी उभी केली होती. पुढे अभ्यासकांनी विचारपूस केली, तेव्हा कित्येक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श स्त्री ठरवल्याचे आढळले. लेखकाने इशाऱ्याची पाटी लावली आणि लोकांनी तिला हार घातला. लेखक पात्र निर्माण करतो, पण त्याची नेमणूक प्रेक्षक करतात, हा या शास्त्राचा पहिला सिद्धांत तिथे पक्का झाला.

दुसऱ्या सिद्धांताच्या अभ्यासाला सर्वांत सोयीची मराठी मालिका ‘आई कुठे काय करते’ ही होय. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी सुमारे पाच वर्षे ती चालली. देशमुखांच्या ‘समृद्धी’ बंगल्यात पंचवीस वर्षे राबलेल्या अरुंधतीला नवरा अनिरुद्ध याचे संजनाशी असलेले प्रकरण कळते आणि तिथून तिचा स्वतःकडे प्रवास सुरू होतो. आता डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ही मालिका पाहणाऱ्या घराची शिरगणती केली, तर पुढील आकडे हाती येतात. सासूबाई अरुंधती आहेत, कारण त्यांनी तरुणपणी दिरांचे डबे केले. सूनबाई अरुंधती आहेत, कारण त्या ऑफिसातून येऊन सासूबाईंचा डबा करतात. माहेरपणाला आलेली नणंद अरुंधती आहे, कारण तिच्या सासरी तर काही विचारूच नका. एकूण अरुंधती तीन. कांचन, म्हणजे मुलाची बाजू घेणारी सासू, एकही नाही. संजना एकही नाही. अनिरुद्ध शून्य. नायिका प्रत्येक घरात गरजेपेक्षा जास्त असतात आणि खलपात्रे नेहमी दुसऱ्या पत्त्यावर राहतात, हा दुसरा सिद्धांत.

रिकाम्या जागा फार दिवस ठेवता येत नाहीत, म्हणून त्या बाहेरून भरल्या जातात. संजनाच्या जागेसाठी ऑफिसातली नीटनेटकी सहकारी किंवा सोसायटीत एकटी राहणारी कोणीही चालते. ती गाडी स्वतः चालवत असेल तर मुलाखतीचीही गरज उरत नाही. कांचनची जागा शक्यतो नात्यातच ठेवतात. सासूबाई ती आपल्या दिवंगत सासूबाईंना देतात, सूनबाई हयात सासूबाईंना देतात आणि नणंद आपल्या सासरी नेते. अनिरुद्धाची जागा शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाते.

साम्य जुळायला फारसे साहित्य लागत नाही. प्रकरण, घटस्फोट, मिळकतीचे कागद यांपैकी काहीच घरात नसले तरी चालते. वीस वर्षांपूर्वी नवऱ्याने पाहुण्यांसमोर ‘आज भाजी जरा पाणचट झालीय का गं?’ असे विचारले असेल, तर तेवढ्या सामग्रीवर अरुंधतीची पाच वर्षे तरून जातात. न जुळणारा भाग सहज गाळता येतो. अरुंधती गाते, साम्य सांगणारीला गाणे येत नसले तर ‘मला शिकूच कुठे दिलं’ या वाक्याने ती तफावत भरून निघते. अरुंधती घर सोडते तेव्हा प्रेक्षकांचा ऊर भरून येतो. ती आशुतोष केळकरशी दुसरे लग्न करते तेव्हा मात्र त्याच प्रेक्षकांत ‘हे आता जरा जास्तच होतंय’ असे मत ऐकू येते. साम्य सोसण्यापुरते असते. सुटकेच्या भागाला ते लागू होत नाही.

पुरुष हा या अभ्यासातला स्वतंत्र वर्ग आहे. तो मालिका बघत नाही. तो बातम्यांची वाट बघत तिथे बसलेला असतो आणि त्याच्या कानावर पडते. कानावर पडण्याच्या जोरावर त्याला अरुंधतीचा मुलगा अभिषेक डॉक्टर आहे, अनघा सून आहे आणि मुलगी ईशा वडिलांच्या बाजूने कधी होती, हे सगळे ठाऊक असते; एखादी संध्याकाळ चुकली तर ‘मग पुढं काय झालं त्या बाईचं?’ असे तो फोनवर विचारतो. पन्नाशी ओलांडलेले बहुतेक पुरुष स्वतःला अनिरुद्धाचे वडील अप्पा यांच्या जागी पाहतात. अप्पा प्रेमळ आहेत, सुनेची कदर करतात, आणि त्यांना स्वयंपाकघरात काही करावे लागत नाही. तरुणांचा ओढा काही वर्षे ‘तुझ्यात जीव रंगला’मधल्या कोल्हापूरच्या राणाकडे होता. त्याचा भोळेपणा आणि खुराक यांच्याशी साम्य सांगितले गेले. तालमीतल्या जोर-बैठकांशी सांगितले गेल्याचे आढळत नाही.

या व्यवहाराची एक बाजारपेठही आहे. ‘होणार सून मी ह्या घरची’ २०१३ साली सुरू झाली आणि थोड्याच काळात नायिका जान्हवीच्या गळ्यातले मंगळसूत्र सराफांकडे व रस्त्यावरच्या गाड्यांवर ‘जान्हवी मंगळसूत्र’ याच नावाने मागितले जाऊ लागले. ते घेणाऱ्यांना जान्हवीच्या श्रीसारखा नवरा जोडीला मिळाला नाही, पण तशी हमी दुकानदारानेही दिली नव्हती. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली नागपूरची राधिका नवऱ्याची प्रेयसी शनाया हिला वैतागून मसाल्यांचा धंदा काढते आणि बघता बघता तिची उलाढाल कोटींत जाते. स्वतःत राधिका पाहून ज्यांनी खरोखर मसाला कुटायला घेतला, त्यांना उलाढालीआधी नातेवाईक भेटले. घरचीच माणसं म्हणून त्यांनी अर्धा किलो चवीला नेला, आणि ‘तिखट जरा कमी पडतंय’ हा अभिप्राय तेवढा रोखीने दिला.

‘अगदी आपल्याच घरातलं’ या वाक्याची भौगोलिक तपासणी केल्यास एक अडचण समोर येते. अरुंधतीची कथा मुळात कोलकात्याची. लीना गंगोपाध्याय यांची ‘श्रीमोयी’ ही बंगाली मालिका २०१९ साली सुरू झाली. त्याच वर्षी ती मराठीत अरुंधती झाली, पुढच्या वर्षी हिंदीत अहमदाबादच्या गुजराती घरातली अनुपमा झाली. तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड या भाषांतही तिला घर मिळाले. म्हणजे कोलकाता, चेन्नई आणि पुणे या तिन्ही गावांतल्या बायका एकाच बाईविषयी ‘लेखकानं आमच्या घरात माणूस पेरलाय की काय?’ असे विचारत होत्या. रूपांतर करताना आडनाव बदलले, ताटातला मासा बदलला, साडी नेसण्याची तऱ्हा बदलली. नवरा बदलावा लागला नाही. राष्ट्रीय एकात्मतेचा इतका भक्कम पुरावा सहसा मिळत नाही.

मालिका आणि घर यांत काही ठळक फरक आहेत. साम्य सांगताना ते विचारात घेतले जात नाहीत. मालिकेतल्या घरात कान लावून ऐकण्यासाठी दार लागते. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये ही सोय आपोआप असते, उलट न ऐकण्यासाठी कष्ट पडतात. मालिकेत गृहकर्जाचा हप्ता, पाण्याची वेळ आणि कामवालीची दांडी या घटना घडत नाहीत. काळही वेगळा चालतो. जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की महाराष्ट्रभर त्यावर विनोद फिरले. तिच्याबरोबर दिवस गेलेल्या प्रेक्षक बायकांची मुले मांडीवर बसून पुढचे भाग पाहू लागली. शिवाय पडद्यावरच्या बाईचे दुःख वाढायला लागले की वाद्ये वाजतात आणि घरातली सगळी माणसे आळीपाळीने तिच्याकडे पाहतात. प्रत्यक्षातल्या बाईचे दुःख वाढते तेव्हा घरातली माणसे जेवत असतात.

या शेवटच्या फरकातच या व्यवहाराचा खरा उपयोग दडलेला आहे. मराठी घरात सुनेने सासूला किंवा सासूने सुनेला सरळ काही सांगण्याची सोय कमी असते. सांगितले तर त्याला भांडण म्हणतात आणि न सांगितले तर संस्कार म्हणतात. मालिका ही कोंडी फोडते. ‘त्या कांचनला इतकंही कळू नये का, पोरगी दमून आलीय?’ असे सूनबाई पडद्याला विचारतात. ‘अरुंधतीनंही तोंड उघडून सांगावं की. मनातलं कुणाला कळतं?’ असे सासूबाई पडद्यालाच सुनावतात. देशमुखांच्या नावे दोन्ही बाजूंचे म्हणणे मांडून होते, कोणाचाही अपमान होत नाही, आणि जाहिरात लागली की दोघी एकमेकींना ‘चहा टाकू का?’ असे विचारतात. वकील, समुपदेशक किंवा आत्या यांच्यापेक्षा हे स्वस्त पडते. तक्रार रोज नोंदली जाते. निकाल मात्र लागत नाही, कारण तो लागला तर दुसऱ्या दिवशीचा भाग कशावर काढायचा, ही अडचण वाहिनीलाही असते आणि घरालाही.

खलपात्रे रंगवणाऱ्या नटांना या व्यवस्थेचा वेगळाच कर भरावा लागतो. निळू फुले यांना पडद्यावर पाहून गावोगावच्या बायका बोटे मोडत आणि ते त्याला आपल्या अभिनयाची पावती मानत. आताच्या नटांना हीच पावती भाजी बाजारात मिळते. ‘अहो, बायकोशी असं वागतात का?’ असे अनोळखी बाई त्यांना भर गर्दीत विचारते. तिचा नवरा पिशव्या न उचलता मागे उभा असतो आणि तोही निषेधाने मान हलवतो.

मालिका संपल्यावर साम्य संपते, असा एक गैरसमज आहे. दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे घसरले की वाहिनी मालिका गुंडाळते. शेवटच्या भागात सगळे एकमेकांना क्षमा करून फोटो काढतात, आणि सोमवारी त्याच वेळेला नवी नायिका नव्या बंगल्यात तुळशीला पाणी घालते. पहिले दोन दिवस प्रेक्षक तिला परकी मानतात. बुधवारी तिच्या सासरचे कोणीतरी तिला तोडून बोलते आणि गुरुवारपर्यंत घरातल्या तिन्ही अरुंधती आपापल्या दुःखासह तिच्याकडे बदलून जातात. नातेवाइकांच्या नेमणुकाही त्याच आठवड्यात नव्याने होतात. पाच वर्षे संजना असलेली ऑफिसातली सहकारी आता संपत्तीवर डोळा ठेवणारी जाऊ ठरते. या सगळ्या काळात ती बिचारी सकाळची आठ चौतीसची लोकल पकडते आणि संध्याकाळी घरी जाऊन कुकर लावते. साडेसातला टीव्हीसमोर बसल्यावर तीही अरुंधतीच असते.