उमरखेड ते समुद्रतळ, व्हाया आंबोली

उमरखेडच्या बसस्टँडवरून कोणत्याही दिशेला सरळ रेष ओढा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र हाती लागत नाही. पश्चिमेचा अरबी समुद्र त्याच्या थोडा पुढे, पूर्वेचा बंगालचा उपसागर अजून थोडा पुढे. स्कूबा डायव्हिंगला जगात कुठे जावं याचा निवाडा करायला खरं तर अशाच गावचा माणूस बसवायला हवा. ऑस्ट्रेलियातला माणूस ग्रेट बॅरिअर रीफचं नाव घेणार, इजिप्तमधला तांबड्या समुद्राचं आणि मालवणातला मालवणचं. प्रत्येकाची आपापल्या समुद्राशी सोयरीक जुळलेली. उमरखेडकराची कुठल्याच समुद्राशी सोयरीक नाही आणि भाऊबंदकीही नाही. तटस्थ हा शब्द ज्याला तटच नाही त्यालाच शोभतो. अशा तटस्थ माणसाने मासिकांतल्या ‘मरण्यापूर्वी पाहाव्यात अशा’ जागांच्या याद्या बाजूला ठेवून नीट विचार केला, तर त्याला एक गोष्ट दिसेल. या याद्या माशांच्या सोयीने केलेल्या आहेत. कुठे किती जातींचे मासे आणि किती रंगांचं प्रवाळ, एवढंच त्यांत मोजलेलं असतं. बुडी मारणारा माणूस किती पाण्यातला आहे, याचा रकाना कुणी घातलेला नाही. तो घातला की उत्तर बदलतं. पहिल्या बुडीसाठी जगातली सर्वोत्तम जागा गाठणं म्हणजे अक्षरओळख होण्याआधी ज्ञानेश्वरी विकत घेणं. पहिली बुडी मालवणात मारावी.

यावर पहिला आक्षेप गावातूनच येईल. आपली पैनगंगा ज्या समुद्राला मिळते, तिकडेच का जाऊ नये? आक्षेप भावनेचा असला तरी भूगोलाला धरून आहे. उमरखेडचा पाऊस पैनगंगेतून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि शेवटी आंध्रच्या किनाऱ्याला बंगालच्या उपसागरात जातो. म्हणजे गावचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या बिनतिकिटाचं समुद्रस्नान करून आलं आहे, मागे राहिली ती माणसं. पण नदी एकटी जात नाही. पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याला ऑगस्टात चहाच्या रंगाचं जे पाणी कोसळतं, त्या रंगात काठाकाठाच्या शेतांची माती असते. प्रवाळाला मात्र पाणी नितळ लागतं. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं आणि उन्हावर अन्न शिजवून मालकाला भाडं चुकतं करतं. गाळाने ऊन अडलं की भाडं थांबतं आणि मालक उपाशी मरतो. म्हणून भारतातलं मोठं प्रवाळ कच्छच्या आणि मन्नारच्या आखातात, लक्षद्वीपला आणि अंदमान-निकोबारला आहे. गोदावरीच्या मुखाशी नाही. तिथे बुडी मारणाऱ्या उमरखेडकराच्या डोळ्यांपुढे येईल ते आपलंच वावर. सातबाऱ्यावर जिचं नाव आहे ती माती पाहायला पाठीला नळकांडं बांधून एवढ्या लांब जायची गरज नाही.

मग परदेशी याद्यांकडे वळू. ग्रेट बॅरिअर रीफ सुमारे २,३०० किलोमीटर लांब आहे. उमरखेड ते श्रीनगर सरळ रेषेत मोजलं तरी तेवढं भरत नाही. एवढ्या पसाऱ्यात नवख्याला पाहायला मिळतो तो बोटीखालचा एक कोपरा. त्यातही पाणी तापल्यामुळे २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. बेलिझचं ग्रेट ब्लू होल हे समुद्रातलं तीनशे मीटर रुंदीचं आणि सव्वाशे मीटरच्या आसपास खोलीचं गोल विवर. समुद्रसंशोधक जाक कुस्तोने १९७१ साली ते जगाला दाखवलं आणि तेव्हापासून ते प्रत्येक यादीत वर आहे. पण त्यातली पाहण्यासारखी चुनखडीची झुंबरं चाळीस मीटरवर लटकतात आणि पहिल्यांदा पाण्याखाली नेल्या जाणाऱ्या माणसाला बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. म्हणजे अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून निळं पाणी पाहायचं. आइसलँडमधली सिल्फ्रा ही उत्तर अमेरिका आणि युरेशिया यांच्या भूपट्टांमधली भेग. पाणी दोन ते चार अंश सेल्सिअस आणि इतकं नितळ, की शंभर मीटरपर्यंतचं दिसतं. दिसायला मात्र फक्त भेग आहे, मासे जवळजवळ नाहीत. उमरखेडकराला भेगांचं अप्रूप नाही. मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या पाहायला कोरडा पोशाख चढवून गोठावं लागत नाही. राहिलं इंडोनेशियातलं राजा अंपट. प्रवाळाच्या जातींच्या बाबतीत त्याला जगात तोड नाही, हे कबूल. पण आधी जकार्ता, मग विमानाने सोरोंग, मग बोटीने वाईसाई असा तो प्रवास आहे. त्या टोकाला पोहोचल्यावर कान दुखतो म्हणून वर यावं लागलं, तर परतीची वाट तेवढीच लांब असते.

आणि कान दुखतोच. पहिल्या बुडीत माणूस नेमकं काय पाहतो, याचा प्रामाणिक हिशेब मांडला की मालवणची बाजू आपोआप भक्कम होते. स्कूबा म्हणजे आपल्या श्वासाची शिदोरी आपण बरोबर नेण्याची सोय. कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली ती आजच्या रूपात आणली. पाठीवरच्या टाकीला सगळे ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात, पण तिच्यात असते साधी हवा, ट्रॅक्टरच्या टायरात भरतात तीच, फक्त सुमारे दोनशे पट दाबाने कोंबलेली. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. दाबाची सगळ्यात मोठी उडी याच पहिल्या दहा मीटरांत असते, त्यामुळे कानाची कटकटही इथेच. दर हात-दोन हातांवर नाक दाबून हलकेच फुंकर मारत उतरावं लागतं. लाल रंग पाच-सात मीटरांतच फिका पडत जातो. मासा असतो त्याहून तिसऱ्या हिश्शाने मोठा दिसतो, म्हणजे बढाई मारायची जबाबदारी पाण्याने आधीच उचललेली असते. आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने येतो, त्यामुळे तो कुठून आला ते कळत नाही. बोलता येत नाही, सगळा कारभार खुणांचा. आपल्याकडे खूश झालेला माणूस अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’ असा होतो आणि शिकवणारा इमानदारीने वर घेऊन जातो. ‘सगळं ठीक’ सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. मराठी माणूस ‘झकास’ म्हणताना हाच गोल करतो, त्यामुळे ही एक खूण तरी आपल्याला शिकावी लागत नाही. एवढ्या गडबडीत वीसेक मिनिटं संपतात आणि नवख्याच्या लक्षात राहतात तीन गोष्टी: स्वतःचे बुडबुडे, स्वतःचे कान आणि शिकवणाऱ्याने घट्ट धरलेला दंड. या तिन्ही गोष्टी मालवणात मिळतात, आणि वर ‘नाक दाबा, फुंका, श्वास रोखू नका’ हे मराठीत सांगणारा माणूस मिळतो.

‘श्वास रोखू नका’ ही सूचना आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे. कारण दुसरा आक्षेप असा, की ज्यांनी विहिरीच्या काठावरून मुटके मारले त्यांना शिकवायचं काय? विहिरीच्या शाळेत जो जास्त वेळ दम कोंडून तळाची माती मुठीत आणतो, तो पोट्टा पहिल्या नंबराचा. स्कूबात तोच पोट्टा सर्वांत धोक्याचा. दहा मीटरवर टाकीतली हवा छातीत भरून दम कोंडला आणि तसाच वर आला, तर ती हवा दुप्पट फुगते आणि फुफ्फुस काही ट्यूब नव्हे. विहिरीतला दम एका श्वासाचा असतो, म्हणून तिथे हे होत नाही. तेव्हा पट्टीच्या पोहणाऱ्याने जुनी विद्या आधी विसरायची आहे. उलट ज्याला पोहताच येत नाही, तो सांगितलं तेवढंच करतो आणि पहिल्या बुडीत बरेचदा सुखाने परत येतो. इसापूर धरण जवळ असताना मालवण कशाला, असंही कुणी म्हणेल. धरणात गाळ, बुडालेली झाडं आणि दरवाजांकडे ओढणारं पाणी असतं. शिवाय परवानगीही नसते. तिथे उतरणाऱ्याला पाण्याखालच्या जगाआधी पाटबंधारे खात्याचं जग दिसेल.

मालवणचे दोष झाकायचं कारण नाही. पाणी कधी आठ-दहा मीटर दिसतं, कधी हाताच्या अंतरावरचं धूसर. प्रवाळ तुकड्यातुकड्यांनी आहे. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. अभयारण्याचं क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, गर्दीच्या दिवसांत बोटींची संख्या मात्र त्याला न शोभणारी. माशांनी फोटोत यावं म्हणून त्यांना पावाचे तुकडे टाकण्याची चाल अगदी वाईट आहे. पैनगंगा अभयारण्यात कुणी बिबट्याला फोटोसाठी वडापाव टाकला तर आपण काय म्हणू, तेच इथे म्हणावं. प्रवाळ हा दगड नव्हे, त्यावर पाय देऊ नये. पण नितळपणाचा आक्षेप पहिल्या बुडीला लागू होत नाही, कारण शंभर मीटर पाहण्याइतकं नवख्याचं मन जाग्यावर नसतं. गोडी लागली, तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम पुरा केला की अठरा मीटरपर्यंत उतरायची मुभा मिळते आणि मग लक्षद्वीप, अंदमान, पुढे राजा अंपट असा चढता क्रम लावता येतो. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं प्रवाळपठार आहे. त्याला नाव कान्होजी आंग्रे यांचं. ते नवशिक्यांचं काम नव्हे. समुद्र आपला नव्हेच, असं म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं, की डोंगरी किल्ल्यांच्या राजाने कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला तो १६६४ साली. त्यालाच वळसा घालून आज बुडीच्या बोटी निघतात.

राहता राहिली वेळ. समुद्राचा हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात सगळं बंद. उमरखेडचा हंगाम वेगळा: दिवाळीपासून कापसाची वेचणी, फेब्रुवारी-मार्चात हळद काढणं, शिजवणं, वाळवणं आणि मे महिना लग्नांचा. दोन्ही पंचांगं जुळवली तर डिसेंबरअखेर ते जानेवारी एवढीच फट उरते. त्यातही नाताळ ते एक जानेवारी टाळावे, नाहीतर माशांपेक्षा पुणेकर जास्त दिसतील. नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत रस्ता सुमारे सातशे किलोमीटरचा. सकाळी बोटीत बसण्याआधी तर्रीपोहे खाऊ नयेत, बोट हलते. आणि परतीचं एक पथ्य लोक हमखास विसरतात. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो, म्हणून एका बुडीनंतर बारा तास आणि अनेक दिवस बुड्या मारल्या तर अठरा तास विमानात बसू नये. उमरखेडकर म्हणेल, आपल्याला विमान कुठं, आपण तर गाडीने. पण हा नियम सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला लागतो आणि परतीच्या वाटेवरच्या घाटाचा माथा, आंबोली, जवळपास सातशे मीटरवर आहे. तेव्हा बुडी सकाळी, मुक्काम मालवणात, घाट दुसऱ्या दिवशी.